दुर्गाकाकीची अर्थी

"तू काल तिले काय बोलला बे?"

फोनवर बाबांचा आवाज असा आला की दुकानातल्या गिऱ्हाइकानंही मान वर केली. माझे बाबा, प्रेमलाल, हातात फोन असला काय नि नसला काय, सारखेच बोलतात. गावापासून लांजीपर्यंत आवाज आपल्यालाच पोचवायचा आहे, अशी त्यांची समजूत आहे.

"कोणाले?"

"दुर्गाबाईले! अजून कोणाले? सकाळी दार ओढून घेतलं, बकऱ्या पुढं घातल्या अन् निघाली लांजीच्या बाजारात. साऱ्या विकून टाकतो म्हणते. मी म्हटलं, काहून वो वैनी? त म्हणते, तुमच्या प्रीतमनं माही अर्थी बांधाले घेतली, बांबू बी तोडून आणले."

मी हातातला स्क्रूचा पेचकस खाली ठेवला. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बोललो होतो खरा. अगदी हेच शब्द बोललो होतो.

त्याचं असं आहे. लांजीला माझं मोटारपंपाचं नि वायरिंगचं दुकान आहे, आणि हल्ली झटका मशीनही ठेवतो. बॅटरीवर चालणारी ही पेटी. तिची तार शेताभोवती फिरवली की शिवणाऱ्या जनावराला एक चापट बसते आणि ते पुन्हा तिकडे फिरकत नाही. ती पेटी चालायची तर एक लोखंडी सळई ओल्या जमिनीत खोल ठोकावी लागते. कागदावर तिला अर्थिंग म्हणतात. आमच्या दुकानात इतकं लांबलचक बोलायला वेळ कोणाला? आम्ही म्हणतो अर्थी. आणि या भागात हिंदी तर ताटातल्या मिठासारखी, प्रत्येकाच्या बोलण्यात थोडी असतेच. त्यामुळे अर्थी म्हणजे तिरडी, हे लहान पोरालाही कळतं. फक्त आम्हा मिस्त्री लोकांच्या ते कधी ध्यानात येत नाही.

काल संध्याकाळी मी काकीच्या झोपडीमागे उभा राहून माझ्या दुकानातल्या पवनला फोन केला होता. पवनचं मराठी म्हणजे आनंदच आहे, म्हणून हिंदीत. "सुन, बाँस कट गए हैं, रस्सी तू लेते आना। कल सुबह सबसे पहले दुर्गाकाकी की अर्थी, बाकी काम बाद में।"

भिंत कुडाची. काकी पलीकडे चुलीपाशी बसलेली.

माणसानं एका फोनमध्ये तारेच्या खुंट्यांचे बांबू, ते बांधायची दोरी आणि अर्थी असं सगळं साहित्य जमवावं, म्हणजे कमाल झाली. काकीकडे न्यायला काढलेलं सामान तसंच ठेवलं, दुकान पवनच्या भरवशावर टाकलं आणि बाजाराकडे धावलो.

धावत होतो ते काही नुसत्या माझ्या चुकीपायी नाही. दुर्गाकाकी आमची नात्याची कोणी नाही, शेजारीण. पण माझ्या जन्मानंतर आईला कावीळ झाली, ती खाटेला खिळली आणि तिचं दूध आटलं. गाईचं दूध मला पचेना. तेव्हा दुर्गाकाकी रोज सकाळ-संध्याकाळ वाटी घेऊन यायची, दाराशी ठेवायची आणि निघून जायची. बकरीचं दूध. त्यावर मी जगलो, चांगला गुटगुटीत झालो. शाळेत पोरं मला 'बकरीचा' म्हणायची आणि मागून 'मॅऽ' करायची. मला त्याचा राग यायचा, आता येत नाही. आई पुढे बरी झाली, मी मोठा झालो, आई गेलीसुद्धा. पण त्या दुधाचा शब्द काकीनं कधी काढला नाही. आम्हीही काढला नाही. आमच्याकडे 'धन्यवाद' हा शब्द भाषण संपवताना वापरतात, घरात कोणी कोणाला म्हणत नाही.

बाबांनी तर उलटीच तऱ्हा धरली होती. काकीच्या बकऱ्या आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, शिरल्या की बांधावर उभं राहून असा काही गजर करायचे! "दुर्गाबाई! आज मी साऱ्या कांजी हौसात टाकतो!" कांजी हौस म्हणजे मोकाट जनावरांचा कोंडवाडा. तो आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि बाबांनी आजवर एक बकरीसुद्धा तिथवर नेली नाही. नुसत्या तोंडाच्या वाफा.

पण यंदा गोष्ट तोंडापुरती राहिली नाही. धान निघालं आणि बांध्यांमधून लाखोळीच्या डाळीचं पीक हिरवंगार उठलं. बकरीला लाखोळी दिसली म्हणजे तिला देव दिसला. आणि काकीचे गुडघे सुजलेले. पूर्वी ती बकरीच्या आधी बांधावर पोचायची. आता ती पोचेपर्यंत बकऱ्यांचं जेवण होऊन हात धुणंही आटपायचं. बाकीचे शेतकरी बाबांसारखे नव्हते. गावात बैठक झाली. डोमाजी आमच्या गावचे जाणते, त्यांनी सांभाळूनच सांगितलं, "वैनी, आता तुमच्यानं धावणं होत नाही. अजून एकदा कोणाच्या बांधीत बकऱ्या दिसल्या, त मंग विकून टाका. लोकाइचं बी पोट हाय."

काकी म्हणाली, "हौ जी. बरोबर हाय तुमचं."

न्यायाला ती कधी आड आली नाही. पण बकऱ्या गेल्या तर तिला गावात राहण्यासारखं काही उरत नव्हतं. नवरा, पुनाराम, केव्हाच गेलेला. मुलगी गीता तिरोडीला दिलेली, ती दर फोनला म्हणायची, "माय, ये वो इकडं." काकी सांगायची, "येतो म्हटलं त येईन, पण आपल्या घरी बाई मालकीण असते अन् लेकीच्या घरी पाव्हणी. पाव्हणीनं किती दिवस राहावं?"

मी बाबांना म्हणालो, "आपल्या साऱ्या वावराले झटका तार लावू."

बाबा म्हणाले, "साऱ्या वावराले काहून? चोर थोडे अन् वावर मोठं. चोराइलेच लाव ना."

स्वतःच्या वडिलांना अक्कल आहे हे मान्य करायला मुलाला थोडा वेळ लागतो. मलाही लागला. काकीच्या झोपडीमागे तिची पडीत जमीन होती, बोरी-पळसाची. तिथे तार फिरवली की बकऱ्या आत चरतील, आम्ही पाला टाकू, आणि लाखोळी वाचेल. मी खुशीत येऊन काकीला सांगायला गेलो. तिनं विचारलं, "तारेत करंट राह्यते?" मी "हौ" म्हणालो आणि पुढच्या कामाला लागलो. काकीचा भाऊ खेमराज कसा गेला, हे मला माहीत असूनही त्या घडीला आठवलं नाही. रानडुकरांसाठी कोणीतरी खांबावर आकडा टाकून शेतात उघडी तार सोडली होती. खेमराज तिन्हीसांजेला बैल शोधायला गेला आणि त्या तारेला चिकटून गेला.

बाजारात जनावरांच्या बाजूला पोचलो तेव्हा गोंदियाचा एक व्यापारी कबरीचं तोंड उघडून दात पाहत होता. कबरी काकीची सगळ्यांत पुढे चालणारी बकरी, म्हणजे लाखोळीच्या टोळीची म्होरकी. बाकीच्या काकीच्या लुगड्याला लागून उभ्या होत्या. लाली नावाची बकरी मात्र त्यांच्यात नव्हती. ती व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढलेली होती, जाळीतून तोंड काढून ओरडत होती.

"काकी, थांबा! नका विकू!"

"भैया, सौदा चल रहा है," व्यापारी म्हणाला.

काकी माझ्याकडे पाहीना. "प्रीतम, तुह्यावर माहा राग नाही बापा. म्हतारं माणूस हाय, आज ना उद्या अर्थी निघनच. पण मी जित्ती असतानी बांबू तोडशीन, असं नव्हतं वाटलं."

एवढ्यात बाबाही मोटारसायकलीवर येऊन धडकले. मी घाईघाईनं सांगू लागलो. अर्थी म्हणजे ती अर्थी नाही, ही वेगळी अर्थी, ती जमिनीत गाडतात. जितकं सांगावं तितकं बिघडत होतं. जमलेल्या लोकांत कोणीतरी म्हणालं, "अर्थी गाडतेत? ये कौनसा रिवाज है?"

शेवटी मी म्हणालो, "माह्या दुकानात चला. डोळ्यानं दाखवतो."

काकी नको म्हणाली. "मले नाही पाहाचं. खेमराजले पाह्यलं मी. हात तारेलेच होता त्याचा. सोडवाले गेलेला बी फेकल्या गेला. मुक्या जनावराइले मी तसं मरू देऊ? त्यापरीस विकलेल्या बऱ्या."

बाबांनी कबरीचं दावं व्यापाऱ्याच्या हातून घेतलं आणि माझ्या दुकानाकडे चालू लागले. कबरी गेली म्हणून बाकीच्या गेल्या, त्या गेल्या म्हणून काकी गेली, आणि पुढे काय होतं ते पाहायला व्यापारीही आला. त्याच्यामागून अर्धा बाजार.

मी दुकानासमोर सळई ठोकली. "काकी, पाहा. ही अर्थी. हिच्याबिगर मशीन चालत नाही." पवननं तिच्याभोवती बादलीभर पाणी ओतलं. पेटी लावली, तारेचा एक तुकडा दोन खुंट्यांना ताणला. पेटी टक् टक् करू लागली.

"आता मी हात लावतो," मी म्हणालो.

"तू बाजूले सर," बाबा म्हणाले. "तू दुकानदार. दुकानदार आपल्या मालाले वाईट म्हणते का? मी लावतो."

काकी ओरडली, "प्रेमलालभाऊ, नका!"

बाबांनी तार धरली. काहीच झालं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी धरली. तरी काही नाही. लोक हसू लागले. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "हे विकतो बे तू लोकाइले?"

"बाबा, तुमच्या पायात रबरी चप्पल हाय. काढा."

बाबांनी चप्पल काढली, ओल्या मातीत पाय ठेवले आणि मोठ्या ऐटीत तारेला बोट लावलं. त्यानंतर त्यांनी जी उडी मारली, ती त्यांच्या वयाला शोभणारी नव्हती. टोपी एकीकडे, गमछा एकीकडे, आणि तोंडातून आईच्या माहेरचा उद्धार. बाजार खदखदून हसला. व्यापाऱ्याला हसता हसता खोकला लागला.

काकी हसली नाही. ती बाबांच्या तोंडाकडे पाहत होती, जिवंत आहेत ना याची खात्री करून घेतल्यासारखी. मग ती पुढे झाली. आपली चप्पल काढून बाजूला जोडीनं ठेवली आणि तारेला तळहात लावला.

तिचा हात झटकन मागे आला. ती दोन पावलं मागे सरली, पवननं तिला धरलं. थोडा वेळ ती आपल्याच हाताकडे पाहत राहिली.

"खेमराजले असंच झालं असन का रे?"

मी म्हणालो, "नाही काकी. ते खांबावरच्या लाइनीचं करंट होतं. ते धरून ठेवते, माणसाले सोडत नाही. हा झटका हाय. हा सोडते."

"हा सोडते," काकी म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले. "त्याले नाही सोडलं."

मग तिनं बाबांकडे हात केला आणि कबरीचं दावं मागून घेतलं. व्यापाऱ्याला म्हणाली, "दादा, बाकीच्या नाही विकत मी. तुमचा येळ गेला, माफी करा."

व्यापारी माणूस बरा होता. म्हणाला, "अम्मा, चाहो तो वो टेम्पोवाली भी उतार लो।"

काकीनं मान हलवली. लालीचा सौदा पुरा झाला होता, दिलेला शब्द तिला फिरवायचा नव्हता. ती टेम्पोपाशी गेली, जाळीतून हात घालून लालीचा कान जरा वेळ धरून उभी राहिली आणि परत आली. माझ्या एका शब्दानं ती बकरी गेली, आणि काकी त्याबद्दल मला आजतागायत काही बोललेली नाही. मला वाटतं, या बाईनं मला दोनदा सांभाळून घेतलं. एकदा दूध देऊन आणि एकदा गप्प राहून.

दुसऱ्या दिवशी आम्ही काकीच्या पडीत जमिनीत अर्थी गाडली. मी घणानं ठोकत होतो, बाबा सळई धरून होते, काकी पाणी ओतत होती. तिला आता तो शब्द आवडू लागला होता. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "माही अर्थी गाडून राह्यले. या पाहाले!" लोक दचकत, आणि ती तोंडाला पदर लावून हसे.

दम खायला बसलो तेव्हा ती बाबांना म्हणाली, "भाऊ, हे मशीन, तार, एवढी मेहनत. मी काय देऊ तुम्हाले? एक तरणी पाठ बकरी घेऊन जा. चांगली दुधाची निंघन."

"मले नाही पाहिजे."

"फुकटात मले बी नाही पाहिजे."

बाबा हातावर तंबाखू मळत होते. ते मळणं बराच वेळ चाललं. मग जमिनीकडे पाहत, त्यांच्या मानानं अगदी हळू म्हणाले, "फुकट नाही वैनी. हा पोट्टा जगला तो तुमच्या वाटीनं. इतकी वर्षं झाली, मले बोलता नाही आलं."

काकीनं नवल केलं. "माही कोठची वाटी? दूध का मले येत होतं? बकरीनं देल्लं, मी आणून ठेवलं. उपकार असन त बकरीचा हाय."

"बस," बाबा म्हणाले, "त मंग तार बी बकऱ्याइलेच लावून राह्यलो. तुम्ही मधात कायले बोलता?"

काकी पाण्याची बादली भरायला उठली. मी घण उचलला, कारण मला भरून आलं होतं आणि ते ठोकण्याच्या आवाजात खपून जाईल असं वाटलं.

तार लागली, पेटी टक् टक् करू लागली. बकरीचे केस दाट, अंगाला झटका कळत नाही. पहिला झटका नाकालाच बसायला हवा. म्हणून मी तारेवर जागोजाग बोरीचा पाला लटकवला. काकी आत उभी राहिली. म्हणाली, "मी नसली त त्या भेतीन." कबरी पुढे आली, तारेकडे तुच्छतेनं पाहिलं, पाल्याला तोंड घातलं आणि किंकाळी फोडून मागे पळाली, ती थेट काकीच्या पायांत शिरली. काकीनं तिला जवळ घेतलं, तिच्या नाकावर हात फिरवला. "लागलं का माय? लागते. पण सोडते तो." मग एक एक करून सगळ्यांनी नाक लावून पाहिलं, सगळ्या किंचाळल्या, आणि प्रत्येक वेळी काकीचे डोळे भरले. दुपार होईपर्यंत एकही बकरी तारेच्या जवळ जाईना. पलीकडे आमची लाखोळी उन्हात डुलत होती आणि त्या नुसत्या बघत होत्या.

मी खुंटे तपासत फिरत होतो. काकीचं बोलणं बंद झालं म्हणून वळून पाहिलं. ती बोरीच्या झाडाखाली, बकऱ्यांच्या मधोमध, हात उशाला घेऊन आडवी झाली होती. कबरी तिच्या पाठीला टेकून रवंथ करत होती. काकी झोपली होती, तोंड किंचित उघडं टाकून, लहान मूल झोपतं तशी. मी तिला दिवसा झोपलेली कधी पाहिली नव्हती. बकऱ्या राखणाऱ्या बाईला दुपार नसते. सगळं गाव जेवून लवंडतं तेव्हाच बकऱ्यांना पाय फुटतात, आणि ती त्यांच्यामागे असते. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं अशी दुपार पाहिली नसावी.

तेवढ्यात रस्त्यानं भंगारवाला आला. मोटारसायकलला भोंगा बांधलेला, त्यावर तेच ते वाजत होतं, "पुराना लोहा, टीना, बॅटरी, टूटा फूटा..." बाबा बांधीत होते. तिथून ते गमछा हलवत रस्त्याकडे धावत निघाले. मला वाटलं, आता बाबांचा गजर ऐकू येणार. मीही धावलो.

बाबांनी मोटारसायकल अडवली, भोंग्याच्या तोंडावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "बंद कर बापा. पुढच्या वस्तीत जाऊन लाव."

मी बाबांना इतक्या हळू बोलताना आईच्या शेवटच्या आजारपणातही ऐकलं नव्हतं.

भंगारवाला गोंधळला. भोंगा बंद करून त्यानंही आवाज उतरवला. "क्या हुआ काका? कोई बीमार है?"

"नाही," बाबा म्हणाले. "बाई झोपली हाय."

भंगारवाल्यानं तारेच्या आत पाहिलं. मग त्यानं इंजिनही बंद केलं, खाली उतरला आणि गाडी ढकलत निघाला. गाडी जड होती, लोखंडानं भरलेली. बाबांनी मागून हात लावला आणि दोघं तिला न बोलता वळणापर्यंत घेऊन गेले.